यंत्र उठेना, म्हणून दप्तर बुडाले काय?

युनियनच्या कचेरीतील संगणकाची हार्ड डिस्क काढून आम्ही नवी एसएसडी बसविली, आणि यंत्र उठेचना! कामगारांच्या ग्रॅच्युइटीचे सारे दावे त्यात. जुनी डिस्क पुसायला एकजण निघालाच होता. आम्ही त्याचा हात धरला.

मदरबोर्डवरील यूईएफआय हा प्रोग्राम आरंभी डिस्कवरील एका छोट्या, बहुधा १०० एमबीच्या विभागात विंडोज उठविणारी फाईल शोधतो. आम्ही नक्कल केली ती फक्त ‘सी’ची, तो विभाग मागेच राहिला. दावे शाबूत होते, वाट तेवढी हरवली होती.

तेव्हा आधी जोडणी तपासावी, मग बूटचा क्रम पाहावा. तरीही न उठल्यास संपूर्ण डिस्कची नक्कल पुन्हा करावी. आणि नवी चालेपर्यंत जुनी पुसू नये.