बखर म्हणते एक, दगड म्हणतो दुसरेच

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण याच तालुक्यात, लोनाड आणि शेजारचा चौधरपाडा येथे, दोन कोरीव लेख सापडले. त्यांवरची अक्षरे सुमारे आठशे वर्षांपूर्वीची आहेत. या दगडांनी एका बखरीची पंचाईत कशी केली, ते पाहू.

ती ‘महिकावतीची बखर’. उत्तर कोकणची ही हकीकत एकाच्याच हातची नाही. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये लिहिला. शकात ७८ मिळवा, की इसवी सन येतो: १४४८. (माघ-फाल्गुनात मात्र ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर जानेवारी लागलेला असतो.) इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली ही बखर छापून प्रसिद्ध केली.

बखर सांगते की, शके १०६० च्या सुमारास, म्हणजे ११३८ मध्ये, प्रतापबिंब राजाने या बाजूला स्वारी केली आणि पुढे त्याच्या वंशाने येथे राज्य केले. आता लोनाडचा दगड वाचा. शक ११०६, म्हणजे ११८४. आणि राजा कोण? शिलाहार घराण्यातला अपरादित्य! चौधरपाड्याचा लेख शके ११६१ चा. तेथेही शिलाहारच, केशिदेव.

मग खरे कोणाचे मानायचे? आधी विचारा, की कोणी, केव्हा लिहिले? दानाचा लेख हा त्या काळचा दस्तऐवज. त्यात राजाचेच नाव चुकवून कोणाचे भागणार? केशवाचार्य लिहायला बसला तो प्रतापबिंबानंतर तीनशे वर्षांनी. तेवढ्या काळात माणसे, नावे, शक यांची सरमिसळ होते. बिंब म्हणजे मागाहून आलेला यादवांचा भीमदेवच असावा, असेही काही अभ्यासकांना वाटते. अर्थात लोनाडचा दगड लोनाडपुरताच साक्षीदार. माहीमला कोण होते, हे तो सांगत नाही. आणि दगड नेहमी खरेच बोलतो असेही नाही. आपल्या पराभवाचा लेख कोणता राजा खोदवील?

केशिदेवाच्याच शतकात इंग्लंडात मॅथ्यू पॅरिस नावाचा एक मठवासी इतिहास लिहीत होता. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला हत्ती भेट दिला, तेव्हा मॅथ्यूने त्याचे चित्रही काढले. पण १२३५ पर्यंतचा मजकूर त्याने बहुतांशी आपल्याच मठातल्या रॉजर ऑफ वेंडोव्हरच्या ग्रंथावरून घेतलेला. ग्रंथ एकच, पण हत्तीच्या पानाचे वजन वेगळे आणि जुन्या पानांचे वेगळे!

आपल्या बखरीचेही तसेच. बाराव्या शतकासाठी ती कच्ची साक्षीदार. पण केशवाचार्याच्या काळी कोकणातल्या लोकांना आपल्या पूर्वजांविषयी काय वाटे, कोणती घराणी स्वतःला कोठून आलेली म्हणवीत, हे तिच्याइतके कोणता दगड सांगणार?

एक प्रयोग करा. २६ जुलै २००५ च्या महापुराविषयी घरातल्या आणि शेजारच्या तीन मोठ्या माणसांना वेगवेगळे गाठून विचारा: वार कोणता होता? पाणी कोठवर चढले? उत्तरे लिहून घ्या आणि वाचनालयात त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. वार मंगळवार होता, पण ते त्यांना आधी सांगू नका.