नव्या नादाचा शोध

ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव आहे, हे ग्वाल्हेरकरांना निराळे सांगावे लागत नाही. २०२३ साली युनेस्कोने सर्जनशील शहरांच्या आपल्या यादीत संगीताचे शहर म्हणून ग्वाल्हेरचा समावेश केला आणि जुन्या लौकिकावर नवी मुद्रा उमटली. तरीही दाना ओलीसारख्या आमच्या मराठी वस्तीत गाण्यावरूनच घरोघर मतभेद होतात. वडील माणसांना ख्याल, अभंग आणि नाट्यगीते प्रिय असतात. मुलांच्या कानांत मात्र विजेच्या गिटारींचा गडगडाट चालू असतो. ‘हे कसले गाणे? हा तर निव्वळ गोंगाट!’ असे आजोबा म्हणतात, आणि ‘तुम्हांला त्यातले कळत नाही’, असे नातू मनातल्या मनात म्हणतो.

आमच्या मते दोघांचेही म्हणणे अर्धेच खरे आहे. ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्यालाही शास्त्र आहे. आणि जो आपल्याला कळते असे म्हणतो, त्यानेही ते संगीत बहुधा स्वतः निवडलेले नसते, यंत्राने पुढे केले म्हणून ऐकलेले असते. म्हणून रॉक आणि हेवी मेटल या नावांनी ओळखले जाणारे संगीत म्हणजे काय, आणि त्यातील नवे व चांगले कसे शोधावे, या दोन प्रश्नांचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या संगीताचे स्वरूप पाहू. इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असे. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याची बोटे नेमकी तीच होती. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली, पातळ तारा वापरल्या, आणि पुढे त्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात उतरविल्या. तारा सैल झाल्यामुळे नाद खोल व जड झाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, आणि हेवी मेटलचा आरंभ पुष्कळ जाणकार तेथूनच मानतात.

या संगीताचा पाया असलेली स्वरजोडी आपल्याला मुळीच परकी नाही. तिला पॉवर कॉर्ड म्हणतात, आणि तीत मुख्यतः दोनच स्वर असतात : षड्ज आणि पंचम. आपला तानपुरा ज्या जोडीवर लावतात, तीच ही जोडी. विजेच्या गिटारीचा संदेश ध्वनिवर्धकात मर्यादेबाहेर वाढविला की लहरींची टोके कापली जातात आणि नादाला खरखरीत धार येते. यास डिस्टॉर्शन म्हणतात. अशा नादात गंधार मिसळला तर स्वर एकमेकांत गढूळ होतात. षड्ज-पंचम मात्र स्वच्छ उभे राहतात. म्हणजे कर्कश वाटणाऱ्या या वादनाचे मूळ स्वरांच्या त्याच नात्यात आहे, जे आपल्या गवयांना शतकानुशतके ठाऊक आहे.

अल्टर्नेटिव्ह रॉक, म्हणजे पर्यायी रॉक, हा याचाच दुसरा भाऊ. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नाही, अशा वाद्यवृंदांना महाविद्यालयांच्या लहान आकाशवाणी केंद्रांनी आश्रय दिला. ‘निर्वाणा’ या वाद्यवृंदाची १९८९ मधील पहिली ध्वनिमुद्रिका अवघ्या सहाशे डॉलरांच्या आसपास खर्चात तयार झाली होती. तिसऱ्याच वर्षी, जानेवारी १९९२ मध्ये, त्यांची दुसरी ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील विक्रीच्या यादीत मायकेल जॅक्सनला मागे सारून पहिल्या क्रमांकावर गेली. ज्यांनी तो वृंद आधीच शोधून ऐकला होता, त्यांना याचे आश्चर्य वाटले नसेल.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. नवे संगीत लोकांना सापडते कसे? याचे एक उत्तर ग्वाल्हेरच्याच इतिहासात आहे. ध्रुपदाच्या या नगरीत ख्याल हादेखील एके काळी नवाच होता. दौलतराव शिंद्यांच्या दरबारी बडे महंमद खाँ यांची तानबाजी प्रसिद्ध होती. हद्दू खाँ व हस्सू खाँ या तरुण बंधूंनी ती पडद्याआडून ऐकून आत्मसात केली, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. पुढे वासुदेवबुवा जोशी यांनी ही गायकी घेतली. तिच्या ओढीने दक्षिणेतून निघालेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) त्यांचे शिष्य झाले आणि त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. इकडे ग्वाल्हेरीत कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली आपले संगीतविद्यालय काढले. पाहा, एक नवा नाद पडद्याआडून निघाला आणि एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जात सर्व देशभर पोहोचला!

सातासमुद्रांपलीकडेही हेच घडले. फक्त साधन बदलले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि सामान्य श्रोत्याला स्वतः गाणी उतरवून घेता येऊ लागली. १९८२ साली कॅलिफोर्नियातील ‘मेटॅलिका’ नावाच्या अप्रसिद्ध वृंदाने सात गाण्यांची एक नमुना-कॅसेट केली. रसिकांनी तिच्या प्रतींवर प्रती काढून टपालाने एकमेकांना धाडल्या. तशीच एक प्रत न्यू जर्सीतील बाजारात ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालविणाऱ्या जॉन झझुला यांच्या हाती आली. त्यांनी त्या मुलांना बोलावून घेतले आणि कोणी कंपनी पुढे येईना, तेव्हा स्वतःच कंपनी काढून १९८३ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये याच वृंदाला ऐकण्यासाठी बंगळूरला हजारोंचा समुदाय लोटला.

आपल्या देशातही असे आश्रयदाते झाले. मुंबईत काळा घोडा येथे ‘ऱ्हिदम हाऊस’ हे दुकान होते. तेथे कक्षात उभे राहून ध्वनिमुद्रिका आधी ऐकता येई आणि मग विकत घेता येई. २०१६ साली ते बंद झाले. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वृंद निघाला. महेश तिनईकर त्यात गिटार वाजवीत. हाच वृंद १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणाऱ्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ या उत्सवात धोबी तलावाजवळच्या रंगभवनाच्या खुल्या प्रेक्षागारात नवनवे वृंद वाजवीत; पुढे शांतताक्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील कार्यक्रम थांबले. परंतु आम्हां ग्वाल्हेरकरांना सर्वांत जवळचे उदाहरण वाटते ते अलाहाबादचे, म्हणजे आजच्या प्रयागराजचे. १९९३ साली अमित सैगल यांनी तेथून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले. मुंबई नव्हे, बंगळूर नव्हे, तर गंगा-यमुनेच्या काठचे आपल्यासारखेच एक शहर. आणि तेथून देशभरच्या तरुणांना नव्या वृंदांची वार्ता मिळू लागली! जाणत्याला महानगरात राहावे लागत नाही, हे यावरून उघड होते.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. नव्या गाण्यामागे प्रत्येक वेळी एक माणूस उभा होता : गुरू, मित्र, दुकानदार किंवा संपादक. ‘हे ऐक’ असे सांगताना तो आपली अब्रू पणाला लावीत असे. निवड वाईट निघाली तर दुसऱ्या खेपेस त्याचे कोणी ऐकले नसते.

आज दुर्मीळता संपली आणि विपुलतेची अडचण उभी राहिली. स्पॉटिफायसारखी सेवा, जी भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आली, दहा कोटींहून अधिक ध्वनिमुद्रणे आपल्या पुढ्यात ठेवते. १० जुलै २०१५ पासून जगभरच्या नव्या ध्वनिमुद्रिकांसाठी शुक्रवार हा एकच दिवस ठरला आहे. त्यामुळे दर शुक्रवारी नव्या संगीताचा पूर लोटतो. या पुरातून निवड करण्याचे काम यंत्राकडे सोपविले गेले आहे. आपण काय ऐकले, काय अर्ध्यावर सोडले आणि आपल्यासारख्या इतरांनी काय ऐकले, याचा हिशेब करून यंत्र पुढचे गाणे सुचविते. हिशेब चोख असतो. परंतु कालच्या आवडीवरून तो उद्याची आवड ठरवितो. ज्याची आपल्याला अजून कल्पनाच नाही, ते त्याला सहसा सुचत नाही.

यात दुसराही तोटा आहे. या सेवेत एखादे गाणे तीस सेकंद तरी ऐकले गेले, तरच ते ऐकले असे मोजतात. आता ‘ब्लॅक सॅबथ’च्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिले गाणे घ्या. त्याच्या आरंभी अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ केवळ पाऊस, मेघगर्जना आणि घंटेचा नाद ऐकू येतो. गिटार त्यानंतर सुरू होते. घाईचा श्रोता गिटार ऐकण्यापूर्वीच उठून जाईल! विलंबित ख्यालाची बढत ज्याने ऐकली आहे, त्याला असा धीर निराळा शिकवावा लागत नाही. शिवाय २०२४ पासून तेथे एक नियम लागू झाला आहे : वर्षभरात एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला काहीच मानधन मिळत नाही. म्हणजे नवख्या कलावंताचे भवितव्य आपल्यासारख्या श्रोत्यांच्या थोड्याशा कष्टांवर अवलंबून आहे.

मग काय करावे? दाना ओलीच्या नावातच दाणा आहे. तेव्हा धान्य पाखडण्याचीच रीत येथे लावावी.

पहिली गोष्ट, गाण्याबरोबर नावे वाचावीत. वादक कोण, ध्वनिमुद्रण कोणी केले, कोणत्या लहान कंपनीने ते काढले, हे पाहावे. स्टीव्ह अल्बिनी (मृत्यू २०२४) या एका ध्वनिमुद्रकाच्या नावाचा माग घेतला, तर ‘पिक्सीज’ची १९८८ मधील ‘सर्फर रोझा’, पी. जे. हार्वे यांची १९९३ मधील ‘रिड ऑफ मी’ आणि त्याच वर्षीची निर्वाणाची ‘इन युटेरो’ या तिन्ही ध्वनिमुद्रिका एका सूत्रात सापडतात. एक नाव असे दहा दारे उघडते.

दुसरी गोष्ट, कलावंताचे पूर्वज शोधावेत. आवडता वृंद कोणाला ऐकून शिकला, हे मुलाखतीत सापडते. मागे गेल्याखेरीज पुढचे नवे आहे की जुन्याची नक्कल, हे कळत नाही.

तिसरी गोष्ट, आठवड्याला एकच नवी ध्वनिमुद्रिका निवडावी. पण ती आरंभापासून शेवटपर्यंत आणि निदान दोनदा ऐकावी. मग का आवडली अथवा का नावडली, हे वहीत चार ओळींत लिहावे. वर्षअखेर ती वहीच आपला खरा मार्गदर्शक होते.

चौथी गोष्ट, जवळचे आधी पाहावे. दिल्लीचा ‘ब्लडीवूड’ हा वृंद ढोल आणि बासरी यांची जड गिटारींशी सांगड घालतो. त्याने २०१९ साली जर्मनीतील वाकेन येथील प्रसिद्ध उत्सवात वादन केले आणि २०२२ साली ‘रक्षक’ ही ध्वनिमुद्रिका काढली. आवडलेल्या वृंदाला शक्य तेव्हा थोडे मोलही द्यावे. २००८ साली सुरू झालेल्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी ध्वनिमुद्रिका विकत घेतली, तर किमतीचा मोठा वाटा कलावंताकडे जातो.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आपण स्वतः कोणाचे तरी ‘सांगणारे’ व्हावे. जे चांगले सापडले, ते एका मित्राला कारणासह सांगावे. केवळ दुवा पाठवून भागत नाही. ‘अमुक ठिकाणी लय बदलते ती ऐक’, असे सांगता आले पाहिजे.

याबरोबर कानांची काळजी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित मानतात. आवाज ९० डेसिबल झाला की ही मर्यादा केवळ ४ तासांवर येते. संगीत जड असले म्हणून ते मोठ्यानेच ऐकावे असे नाही. एकदा बधिर झालेला कान पूर्ववत होईलच, याची शाश्वती नसते. आणि तो गेला तर ख्यालही गेला आणि गिटारही गेली.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाला ‘हे बंद कर’ म्हणण्याआधी ‘यात काय ऐकायचे ते सांग’ असे एकदा विचारावे. त्याला सांगता आले, तर तो संगीत शिकतो आहे असे समजावे. सांगता आले नाही, तर आपण विचारले म्हणून तो अधिक लक्ष देऊन ऐकू लागेल. आणि विद्यार्थी मित्रहो, वडील माणसे जे ऐकतात त्यातही तुम्ही हाच प्रश्न विचारा. नवे असणे हा गुण नव्हे आणि जुने असणे हा दोष नव्हे. नाद कोठूनही येवो, त्याची पारख करणारा कान मात्र ज्याचा त्याने घडवावा लागतो; आणि तो घडविण्यासाठी ग्वाल्हेरसारखे दुसरे गाव नाही.