कार्निव्हलपासून मागे मोजा

पाठीवर सॅक टाकून पाच-सहा महिने दक्षिण अमेरिका फिरायला निघणाऱ्यांच्या आराखड्यात सुरुवात अगदी पक्की असते. लिमा, कुस्को, माचू पिचू, टिटिकाका, मग बोलिव्हियातला उयुनीचा मिठाचा पसारा. शेवटच्या महिन्यासमोर मात्र 'ब्राझील' एवढंच लिहिलेलं असतं, बाकी पुढचं पुढे बघू. माझ्या मते हे उलट करायला हवं. ब्राझीलमध्ये समुद्र, शहर आणि रस्त्यावरचा उत्सव अशा तिन्ही गोष्टी हव्या असतील, तर तिथली तारीख आधी धरावी आणि विमानतळावर पाय ठेवण्याचा दिवस तिच्यावरून काढावा. कारण ती तारीख आपल्या हातात नसते.

कार्निव्हलचा मुख्य मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी येतो. ईस्टर म्हणजे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून हा मंगळवार फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही सरकतो. 2027 मध्ये तो 9 फेब्रुवारीला आहे, 2028 मध्ये थेट 29 फेब्रुवारीला. मित्राने गेल्या वर्षी वापरलेला आराखडा जसाच्या तसा उचलला, तर तीन आठवड्यांचा घोळ होऊ शकतो.

2027 चंच गणित मांडू. जानेवारीच्या मध्याला ब्राझीलमध्ये शिरायचं, तर त्याआधी अर्जेंटिना आणि चिलीतला पॅटागोनिया डिसेंबरात बसतो, आणि तिथे दिवस मोठे असण्याचे, ट्रेकचे महिने हेच. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांत साधारण डिसेंबर ते मार्च पाऊस असतो. इंका ट्रेल तर दरवर्षी फेब्रुवारीभर दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. म्हणजे ते देश सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये उरकायला हवेत. म्हणून प्रवास सप्टेंबरात सुरू होतो. हंगाम आणि कार्निव्हल एकमेकांच्या आड येत नाहीत, हे या मार्गाचं मोठं सुख आहे.

ब्राझीलमध्ये शिरण्याची सोयीची जागा म्हणजे इग्वासूचा धबधबा. एक दिवस अर्जेंटिनाच्या बाजूने, अर्धा दिवस ब्राझीलच्या बाजूने, एवढं पुरे. तिथून किनाऱ्याकडे रात्रीच्या बस सुटतात. तिकिटावर 'लेइतो' लिहिलेलं असेल तर सीट जवळजवळ आडवी होते, 'सेमी-लेइतो' त्याच्या खालचा दर्जा. बारा-पंधरा तासांच्या प्रवासाला लेइतोचे जास्तीचे पैसे मोजावेत. एका रात्रीचं हॉस्टेलही वाचतं.

फ्लोरियानोपोलिसच्या बेटावर सुंदर किनारे आहेत, पण जानेवारी हा तिथला उन्हाळी सुटीचा ऐन महिना. अर्जेंटिनातून गाड्या भरभरून लोक येतात आणि पुलावर रांगा लागतात. मी ते वगळून रिओ आणि साओ पाउलोच्या मधला किनारा घेईन, म्हणजे पाराती आणि इल्या ग्रांदे. या दोन्हींना मिळून 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. पाराती हे पोर्तुगीज काळातलं बंदर. जुन्या भागात ओबडधोबड दगडांचे रस्ते आहेत आणि मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी गल्ल्यांत शिरतं. रस्त्यांची रचनाच तशी आहे. इल्या ग्रांदे बेटावर खासगी गाड्या नाहीत. आंग्रा दोस रेइसहून बोटीने आब्राआँव गावात उतरायचं आणि पुढे पायी किंवा छोट्या होडीने. लोपेस मेन्देसच्या किनाऱ्यावर जायला जंगलातून पायवाट आहे. चढ-उतार आहे, पण महिनोन् महिने आंदीज चढून आलेल्या पायांना तो जाणवणार नाही. या बेटावर अनेक दशकं तुरुंग होता आणि तो 1994 मध्ये बंद झाला. त्यामुळे किनाऱ्यावर हॉटेलांची गर्दी उशिरा पोहोचली. बेटावर जाताना रोख पैसे बरोबर न्यावेत.

इथे आठवडाभर काहीही न करता पडून राहावं. प्रवासाच्या शेवटी अंगात जो थकवा साठलेला असतो, तो कार्निव्हलच्या आधी काढावा लागतो. उत्सवात तो निघत नाही, वाढतो.

त्यानंतर रिओ, पण कार्निव्हलसाठी नव्हे. ही माझी शिफारस अनेकांना विचित्र वाटेल. रिओ आणि साल्वादोर या दोन्ही शहरांचे मोठे दिवस एकाच आठवड्यात येतात, त्यामुळे दोन्ही पूर्ण बघता येत नाहीत, आणि कार्निव्हलसाठी मी साल्वादोर निवडेन. पण रिओतल्या सांबा शाळांच्या रंगीत तालमी जानेवारीपासूनच शनिवार-रविवारी सांबोद्रोमोमध्ये होतात आणि त्यांना तिकीट नसतं. ऑस्कर नीमायर यांनी आखलेला आणि 1984 मध्ये उघडलेला हा सुमारे 700 मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना पायऱ्यांचे सज्जे. तालमीत चित्ररथ आणि भरजरी पोशाख नसतात, पण ढोलवादकांचा ताफा आणि शाळेचं त्या वर्षीचं गाणं पूर्ण असतं. सज्ज्यातले लोक ते गाणं तोंडपाठ म्हणत असतात. या शाळा म्हणजे वर्ग भरणाऱ्या शाळा नव्हेत. त्या वस्त्यांतल्या संस्था आहेत आणि परीक्षक त्यांना विषय, ताल, पोशाख, ध्वज मिरवणारी जोडी अशा एकेका अंगाचे गुण देतात. निकाल कार्निव्हलनंतरच्या बुधवारी लागतो.

मोकळ्या वेळात इपानेमाला जावं. किनाऱ्यावर दोन स्टीलची पिंपं खांद्यांवर लटकवलेला विक्रेता हाका मारत फिरतो. एका पिंपात थंडगार माते चहा, दुसऱ्यात लिंबू सरबत. ग्लास धरला की तो आधी चहा सोडतो, मग वर सरबत. मागून पत्र्याच्या डब्यात निखारे घेऊन चीज भाजून देणारा येतो. वाळूत टॉवेल कोणी नेत नाही, पातळ कापडाची कांगा अंथरतात. फोन, पासपोर्ट, पाकीट खोलीतच ठेवावं. पाण्यात जायचं तर आधी लाल निशाण बघावं, कारण लाटांपेक्षा आत ओढणारा प्रवाह धोक्याचा असतो.

फेब्रुवारी लागायच्या आत विमानाने साल्वादोर गाठावं. बसने दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, तो हट्ट नको. 2 फेब्रुवारीला तिथे येमान्जा या समुद्रदेवतेचा दिवस असतो. रिओ व्हर्मेल्यो भागात लोक पहाटेपासून फुलं, अत्तर, आरसे टोपल्यांत ठेवायला रांग लावतात आणि दुपारनंतर कोळी त्या टोपल्या होड्यांतून खोल पाण्यात नेऊन सोडतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. 2027 मध्ये दोनच दिवसांनी, गुरुवारी, इथला कार्निव्हल सुरू होतो. असा योग दरवर्षी जमत नाही.

साल्वादोरचा कार्निव्हल बसून बघायचा नसतो. 1950 मध्ये दोदो आणि ओस्मार या दोघांनी 1929 च्या जुन्या फोर्ड गाडीवर विजेवर चालणारी वाद्यं आणि भोंगे चढवून ती रस्त्यावर काढली. तिचाच वंशज म्हणजे आजचा त्रिओ एलेत्रिको, प्रचंड ट्रकवरचा चालता रंगमंच. आताच्या दोन मुख्य मार्गांना या दोघांचीच नावं आहेत. ट्रकभोवती माणसं जाड दोर धरून चालतात. दोराच्या आत जायला अबादा नावाचा टी-शर्ट विकत घ्यावा लागतो. दोराबाहेर फुकट नाचणाऱ्यांना पिपोका म्हणतात. पिपोका म्हणजे पॉपकॉर्न, कारण सगळे जागच्या जागी उडत असतात. अबादाचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात, आणि आता मोठे कलाकारही बरेचदा दोराशिवाय ट्रक काढतात. तेव्हा पैसे वाचवावेत. गर्दीत जाताना कपड्यांच्या आत बांधायच्या पातळ पिशवीत थोडी रोख आणि पासपोर्टची प्रत, बाकी काही नाही.

यातला एक ताफा मात्र आपल्यासाठी राखून ठेवावा. 1949 मध्ये, महात्मा गांधींच्या हत्येला वर्ष उलटत असताना, साल्वादोर बंदरातल्या गोदी कामगारांनी फिल्योस दि गांधी, म्हणजे गांधींचे पुत्र, हा ताफा काढला. आज हजारो पुरुष त्यात पांढऱ्या पोशाखात चालतात. पेलोरिन्यो या शहराच्या जुन्या भागातल्या चढावरच्या गल्ल्यांत दुपारी बायका खुर्च्या टाकून बसतात. समोर बसलेल्याच्या डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळतात, सुईदोऱ्याने तिथेच टाके घालतात आणि कपाळावर निळा खडा लावतात. गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा, हवेत लॅव्हेंडरच्या अत्तराचा वास, आणि घंटेच्या ठेक्यावर संथ चाल. ट्रकच्या गदारोळानंतर ही चाल बघताना छाती मोकळी होते. गांधीजींना हे पसंत पडलं असतं का, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

जेवणाची चिंता नको. वजनावर ताट विकणारी भोजनालयं सगळीकडे आहेत, भात-घेवडा-भाज्या उचलायच्या. घेवड्यात मांस आहे का ते मात्र विचारावं. रस्त्यावर मिळणारा आकाराजे हा चवळीच्या पिठाचा, पाम तेलात तळलेला वडा. मधे चिरून भरतात त्या सारणात सुकी कोळंबी असते, शाकाहारी माणसाने नुसता वडा मागावा.

बुधवारी सकाळी उत्सव संपतो. त्याच दिवसाचं परतीचं विमान काढू नये. भाडी चढलेली असतात, घसा बसलेला असतो. दोन दिवस झोप काढून रिओला परतावं. शनिवारी सांबोद्रोमोमध्ये पहिल्या क्रमांकांच्या शाळांची विजयी मिरवणूक होते, आणि तिची तिकिटं मुख्य रात्रींपेक्षा स्वस्त असतात. तालमीत ऐकलेलं गाणं आता पूर्ण थाटात समोरून जातं. उरलेले दिवस शहरासाठी: सांता तेरेझाची ट्राम, शुगरलोफवरची संध्याकाळ. गर्दी ओसरलेली असते.

आता कागद. भारतीयांना ब्राझीलचा व्हिसा आधी काढावा लागतो. तो किती काळात वापरायचा आणि आत किती दिवस राहायचं, हे दोन्ही आकडे निघण्यापूर्वीच नीट बघावेत, कारण तुम्ही तिथे शेवटी पोहोचणार आहात. पीतज्वराची लस मान्यताप्राप्त सरकारी केंद्रात घ्यावी. तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ब्राझीलहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे ते नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. ते पिवळं कार्ड सॅकमध्ये नको, हातातल्या बॅगेत ठेवा.