अटॅकच्या रात्री शुगर किती असावी?

एम्पाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्याची बातमी आता जुनी झाली. मार्च 2025 मध्ये पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहाच्या घरात आली. शुगरसोबत हृदय आणि किडनीही सांभाळणाऱ्या या गोळीचं कौतुक रास्तच आहे. पण ती ज्याच्यासाठी आहे तो रुग्ण आधी अटॅकच्या रात्रीतून वाचायला हवा, आणि त्या रात्रीबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

शुगरच्या जुन्या रुग्णाला छातीत कळ येईलच असं नाही. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेनं नसा बधिर झालेल्या असतात. धाप, दरदरून घाम, मळमळ, पोटात वरच्या बाजूला जळजळ, एवढंच. घरचे पित्त म्हणून सोडा पाजतात. परभणी जिल्ह्यातल्या पालमहून लोहामार्गे नांदेड गाठा नाहीतर गंगाखेडमार्गे परभणी, सोड्यात गेलेला तास रस्त्यात भरून निघत नाही. शुगरच्या माणसाला उगाच धाप लागली, की पहिल्यांदा ईसीजी काढायला हवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात, पण पहिल्या दोन-तीन तासांतला त्याचा गुण पुढे मिळत नाही.

दवाखान्यात ग्लुकोमीटर 320 दाखवतो आणि नातेवाइकांचा धीर सुटतो. ‘डॉक्टरसाहेब, आधी शुगर उतरवा.’ खरं तर अटॅकच्या ताणात शरीरच साखर रक्तात ओततं. शुगर नसलेल्यांचीही वाढते. ती सांभाळायची असते, घाईनं पाडायची नसते.

हे वैद्यकशास्त्रालाही उशिरा उमगलं. 1995 मध्ये स्वीडनमधल्या डिगामी चाचणीत 620 रुग्ण होते. अटॅकनंतर इन्सुलिननं साखर नीट ठेवलेल्या गटात वर्षभरात शंभरातले सुमारे 19 दगावले, दुसऱ्या गटात 26. मग आकडा जितका खाली तितकं बरं, असा समज जगभर रुजला. 2005 च्या डिगामी-2 मध्ये तो फायदा दिसला नाही. 2009 मध्ये नाइस-शुगर चाचणीनं तर डोळेच उघडले. अतिदक्षता विभागांतले सहा हजारांवर रुग्ण. साखर 81 ते 108 मध्ये दाबून ठेवलेल्या गटात 27.5 टक्के मृत्यू, 180 पर्यंत चालवून घेतलेल्या गटात 24.9. साखर धोकादायकरीत्या कोसळण्याचं प्रमाण 6.8 टक्के विरुद्ध 0.5. हे सगळे हृदयरुग्ण नव्हते, पण धडा त्यांनाही लागू पडला. आज साधारण 140 ते 180 हेच लक्ष्य मानतात.

साखर कोसळली की ॲड्रेनलिन उसळतं, ठोके वाढतात, आधीच रक्ताला आसुसलेल्या हृदयाची लय बिघडू शकते. त्यात ठोके मंद ठेवणारं बीटा ब्लॉकर औषध सुरू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. उरतो फक्त घाम, आणि तो तर अटॅकचाच समजला जातो. सकाळी घेतलेली शुगरची गोळी, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड, तासन् तास काम करत राहते, रुग्ण मात्र उलट्यांमुळे उपाशी. म्हणून मला 320 पेक्षा रात्री तीनला न तपासलेल्या साखरेची भीती जास्त वाटते. रेफर होताना शेवटची गोळी कधी घेतली आणि शेवटचा घास कधी खाल्ला, हे नातेवाइकांनी सांगायलाच हवं.

आता त्या स्वस्त गोळीकडे. 2024 च्या एम्पॅक्ट-एमआय चाचणीत अटॅकनंतर ती सुरू केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. हृदय कमजोर पडून पुन्हा भरती व्हायचं प्रमाण मात्र घटलं. हा फायदा लहान नाही. पण रुग्ण स्थिर झाल्यावर, नीट खाऊ-पिऊ लागल्यावरच ती द्यावी. उलट्या किंवा एकादशीचा कडक उपवास चालू असताना ती घेतली, तर रक्तात आम्ल साचू शकतं आणि मीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते, त्यामुळे शंकाही येत नाही.

डिस्चार्ज कार्डावर नव्या गोळ्यांची यादी असते. शुगरची कोणती जुनी गोळी बंद करायची, तेही तिथे ठळक मराठीत लिहिलेलं असावं. नाहीतर घरी परतलेला रुग्ण दोन्ही डब्यांतल्या गोळ्या घेत राहतो.