धुराचा हिशेब – भाग ६ : डहाणूची चिमणी

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर संध्याकाळी दुकानांत दिवे लागतात. मुंबईच्या उपनगरांना आणि मीरा-भाईंदरला मिळणाऱ्या विजेचा एक वाटा याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच्या डहाणूहून येतो. तिथले औष्णिक केंद्र १९९५ पासून चालू आहे. अडीचशे मेगावॅटचे दोन संच आणि २७५ मीटर उंचीची चिमणी. आधी बीएसईएस, मग रिलायन्स, आता अदानी, असे मालक बदलत गेले.

राखेबद्दल आपण गेल्या आठवड्यात बोललो. विद्युतभारित पट्ट्या ती धरून ठेवतात. कोळशातला गंधक मात्र जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि वायू असल्याने पट्ट्यांच्या हाती लागत नाही. चिमणी कितीही उंच बांधा, वायू नष्ट होत नाही, फक्त दूर जातो. वाटेत त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसांत खोलवर शिरतात.

यावर उपाय म्हणजे धूर धुणारी यंत्रणा, एफजीडी. समुद्राचे पाणी मुळातच थोडे अल्कधर्मी असते. धूर त्यातून नेला की गंधक पाण्यात उतरतो. समुद्रकाठच्या डहाणूला हे पाणी हाताशीच होते, तरीही यंत्रणा यायला बारा वर्षे गेली.

चिकूच्या वाड्या आणि वारली पाडे असलेल्या या तालुक्यातले काही नागरिक प्रकल्पाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९९१ मध्ये न्यायालयाने प्रकल्प थांबवला नाही, पण मंजुरीतली एफजीडीची अट पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करू नका, असे बजावले. त्याच वर्षी डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. १९९६ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली खास प्राधिकरण नेमले गेले. त्याने १९९९ मध्ये यंत्रणा बसवण्याचा आदेश दिला. कंपनीने आव्हान दिले, तारखा पडत राहिल्या, प्राधिकरणाने बँक हमी मागितली. अखेर २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. माझ्या मते ती आली ती पाठपुराव्यामुळे: तक्रार करणारे थकले नाहीत आणि आदेश देणाऱ्याने फाईल मिटवली नाही.

देशभरासाठी गंधकाची मर्यादा आली ती डिसेंबर २०१५ मध्ये. पाचशे मेगावॅटपेक्षा लहान जुन्या संचांना घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, पाचशे आणि त्याहून मोठ्यांना २००. मुदत होती दोन वर्षांची. ती पुन्हापुन्हा वाढवली गेली. मग २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट झाले: दिल्ली परिसर व दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतली, अतिप्रदूषित भागांजवळची आणि उरलेली सगळी. जुलै २०२५ मध्ये या तिसऱ्या, सर्वांत मोठ्या गटाला गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो, असा युक्तिवाद झाला. मला तो पटत नाही, कारण कोळसा प्रचंड प्रमाणात जळतो आणि सल्फेटचे कण दहा किलोमीटरच्या रेषेवर थांबत नाहीत. सूट देताना त्या केंद्रांवर अट ठेवली आहे ती चिमणीच्या उंचीची.