मंद उजेडातील छायाचित्रे आणि बेताची ऐपत

ईस्टरच्या जागरणरात्री मंदिरातील सारे दिवे मालविलेले असतात. बाहेर नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मेणबत्ती प्रज्वलित होते, आणि तिच्या ज्योतीवरून हातातील एकेक मेणबत्ती पेटत जाऊन अंधारलेले मंदिर हळूहळू उजळू लागते. नेमक्या ह्याच वेळी कोणी हौशी तरुण बाकांमधून पुढे धावतो आणि फ्लॅशचा लखलखाट करतो. साऱ्यांचे डोळे दिपतात, लहान मुले दचकतात. आणि एवढे करून हाती येणारे चित्र कसे? चेहरे पांढरेफटक, ज्योती निस्तेज, मागे काळीकुट्ट भिंत. ज्या उजेडाचे चित्र घ्यावयाचे होते, तो उजेडच त्या चित्रात नसतो.

हे गाऱ्हाणे आजचे नव्हे. १९६७ साली रोमहून निघालेल्या पवित्र मिस्साविषयीच्या आदेशपत्रात छायाचित्रांचा स्वतंत्र उल्लेख आहे. छायाचित्रे घेण्याने उपासनेत व्यत्यय येऊ नये, सबळ कारण असेल तेथे ती अत्यंत विवेकाने घ्यावीत आणि स्थानिक बिशपांनी घालून दिलेले नियम पाळावेत, असा त्याचा आशय आहे. तेव्हा पहिली गोष्ट धर्मगुरूंची अनुमती. दुसरी गोष्ट, जागेवर बसून, फ्लॅशविना, दुरून चित्र घेता येईल असे साधन. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी गावोगावचे युवक वर्गणी गोळा करतात, आणि तेथेच पुष्कळदा पैसा वाया जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

कॅमेऱ्याबरोबर जी झूम लेन्स मिळते, ती दूरचे ओढून आणते खरी, परंतु पूर्ण लांबवली की तिच्यावरील आकडा बहुधा एफ ५.६ असतो. हा आकडा म्हणजे काय, एवढे ध्यानात घेतले की निम्मे काम झाले. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या आतील छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा येतो. म्हणून आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि उजेड अधिक. मात्र उजेड वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एफ ५.६ च्या चौपट उजेड एफ २.८ देते, आणि एफ १.८ जवळजवळ दसपट देते. ट्यूबलाइटच्या साधारण उजेडात, आयएसओ १६०० ठेवून, पहिल्या लेन्सला सेकंदाचा पंधरावा हिस्सा लागत असेल, तर एफ १.८ ला सेकंदाचा दीडशेवा हिस्सा पुरतो. पंधराव्या हिश्शात प्रथम कम्युनियन घेणाऱ्या बालिकेचे जोडलेले हात पुसट होतात. दीडशेव्यात तिच्या पापण्याही स्पष्ट येतात. असा भरपूर उजेड आत घेणाऱ्या लेन्सला ह्या व्यवसायातील लोक ‘फास्ट’ म्हणतात.

आता दुकानदार दाखवितो ती ७०-२०० मिलिमीटरची, एफ २.८ ची भली मोठी झूम. लेन्स उत्तम, ह्यात वाद नाही. लग्नसमारंभांवर चरितार्थ चालविणाऱ्याने ती अवश्य घ्यावी. पण नामांकित कंपनीची नवी घेतली तर किंमत लाखाच्या घरात जाते आणि वजन सुमारे दीड किलो भरते. एवढे कशासाठी? २०० ला २.८ ने भागून पाहावे: छिद्र ७१ मिलिमीटरचे हवे, आणि तेवढ्या रुंद काचा घासून तयार करावयास खर्च येतोच. उलट ८५ मिलिमीटरच्या एफ १.८ लेन्सला ४७ मिलिमीटरचे छिद्र पुरते. ती तळहातावर मावते, वजनाने अर्ध्या किलोहून हलकी असते, मोठ्या झूमच्या कितीतरी कमी किमतीत मिळते, आणि उजेड मात्र तिच्या जवळजवळ अडीचपट देते. तिच्यात झूम नाही, हीच काय ती उणीव.

“पण ती तेथवर पोहोचेल का?” हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर दोरीने मोजून मिळते. आपल्या सामान्य डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा पडदा सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद असतो. अशा कॅमेऱ्यावर ८५ ची लेन्स लावून तो उभा धरला, तर ३३ फुटांवरील सुमारे नऊ फूट उंच आणि सहा फूट रुंद एवढा भाग चौकटीत येतो. वेदीवर उभे असलेले धर्मगुरू, मस्तकावर थोडी जागा सोडून, त्यात नेमके बसतात. खेड्यातील मंदिरात चौथ्या-पाचव्या बाकापासून वेदी बहुधा ह्याहून फार दूर नसते. शिवाय चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रातून लांबीरुंदीने निम्मा तुकडा कापून घेतला, तरी त्याची दहा इंच लांबीची छपाई स्वच्छ निघते. जुन्या गोव्याच्या सुमारे २५० फूट लांबीच्या से कॅथेड्रलमध्ये मागे बसून चित्रे घ्यावयाची असतील, तर गोष्ट निराळी; तेथे १३५ किंवा २०० ची लेन्स हवी, आणि तीसुद्धा झूमऐवजी एकाच अंतराची घेतली तर स्वस्त पडते.

आणखी एका शब्दाची भुरळ पडते, तो म्हणजे ‘स्टॅबिलायझेशन’. ही यंत्रणा आपल्या हाताचा कंप शोषून घेते, आणि ते काम चोख करते. परंतु समोर चालत येणारी मिरवणूक ती थांबवू शकत नाही. त्यासाठी शटरच जलद हवे, आणि जलद शटरला उजेड हवा. म्हणून मंद झूमला जोडलेल्या ह्या सोयीवर पैसे खर्चण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

मोठ्या छिद्राची किंमत एका वेगळ्या प्रकारे मोजावी लागते. एफ १.८ वर ३३ फुटांवर साधारण एक मीटर खोलीचा भागच स्पष्ट येतो. दहा फुटांवर तर जेमतेम नऊ सेंटिमीटर. जवळून दोन भावंडांचे चित्र घेताना एकाचे डोळे स्पष्ट आणि दुसऱ्याचे पुसट, असे हमखास होते. दोघांना वेदीशी समांतर उभे करावे, किंवा छिद्र एफ ४ पर्यंत लहान करून आयएसओ वाढवावा. चित्रात थोडे कण दिसले तर दिसू द्यावेत. कण दिसतात म्हणून कोणत्या आजीने नातवाचे चित्र फेकून दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही! स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात, त्याचाही उपाय सोपा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर शंभराव्या हिश्शावर ठेवले की पट्टे बहुधा नाहीसे होतात.

आता खरेदी. पुष्कळ छायाचित्रकार अलीकडे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले, त्यामुळे त्यांच्या जुन्या लेन्स बाजारात आल्या आहेत. कॅननची १९९२ पासूनची ८५ एफ १.८ आणि निकॉनची २०१२ मधील त्याच मापाची लेन्स ह्या दोन्ही सेकंडहँड शोधण्याजोग्या आहेत. निकॉनवाल्यांनी एक सावधगिरी बाळगावी. जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते आणि डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतील लहान कॅमेऱ्यांतही ती नसते. अशा जोडीत फोकस हातानेच करावा लागतो. हाताने फोकस करण्यास जो कचरत नाही, त्याला त्याहून जुन्या लेन्सचाही विचार करता येईल. स्टीव्ह मॅक्करी ह्यांनी १९८४ साली निर्वासित छावणीत टिपलेली हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी जगभर ठाऊक आहे. ते चित्र निकॉनच्या साध्या १०५ एफ २.५ लेन्सने घेतले होते.

जुनी लेन्स घेताना विजेरी बरोबर न्यावी. दोन्ही टोकांची झाकणे काढून एका बाजूने उजेड टाकावा आणि दुसऱ्या बाजूने तिरके पाहावे. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय; लेन्स कितीही स्वस्त असो, परत द्यावी. धुळीच्या चार कणांनी मात्र काही बिघडत नाही. छिद्राच्या पात्यांवर तेल आहे का ते पाहावे आणि आपल्याच कॅमेऱ्यावर लावून फोकस तपासावा. शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी ती एका संध्याकाळपुरती मागून घ्यावी, मंदिरात रविवारसारखे दिवे लावावेत, एकास वेदीपाशी उभे करावे आणि आपल्या नेहमीच्या बाकावरून वीस-पंचवीस चित्रे घेऊन पाहावीत.

गोव्यात काय किंवा खानापूरच्या रानाकडील गावांत काय, पावसाळ्याची ओल हीच लेन्सची मोठी वैरीण. चामड्याच्या पिशवीत बुरशी लवकर धरते, आणि तांदळाच्या डब्यात कोंड्याची धूळ आत शिरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवावी, आणि निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलाव्यात.