फुटाला एक इंच

बाहुलीचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परकरी पोर, लाकडी ठकी आणि पितळेची भातुकली उभी राहते. हा पोरींचा खेळ. मोठ्या माणसांनी घटकाभर कौतुकाने पाहावा आणि आपल्या कामाला लागावे, अशी आपली समजूत. पण युरोपातला या घरांचा इतिहास पाहिला तर निराळेच काही दिसते. तिकडे ही घरे आरंभी मुलांसाठी नव्हतीच. ती मोठ्या माणसांची होती आणि त्यांतली पुष्कळशी बायकांची होती.

बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५८ साली असे एक घर करवून घेतले. माहीत असलेल्या बाहुलीघरांत हे सर्वांत जुने मानतात. पुढे जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात ही कला भरभराटीला आली. तिथल्या आन्ना क्योफर्लिन नावाच्या बाईने १६३१ साली आपले बाहुलीघर पैसे घेऊन लोकांना दाखवले आणि त्यासाठी चक्क छापील पत्रकही काढले. पत्रकाचा मथितार्थ असा, की मुलांनो, हे घर नीट निरखून पाहा आणि घर कसे चालवावे ते शिका. म्हणजे हा खेळ नव्हे, ही शाळा होती.

ॲमस्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंची तऱ्हा याहून वेगळी. त्यांनी १६८६ ते १७१०च्या सुमारास एका कपाटात आपले घर सजवले. कपाटाला कासवाच्या पाठीचा मुलामा, आत खऱ्या चिनी मातीची इवलीशी भांडी, विणलेल्या टोपल्या, घडी घातलेले कपडे. यावर त्यांनी जो पैसा ओतला त्यात कालव्याकाठी खरे घर विकत मिळाले असते, असे म्हणतात. आज ते कपाट तिथल्या राईक्स म्यूझियममध्ये आहे. याकोब ॲपेल या चित्रकाराने त्या काळी त्याचे चित्र काढून ठेवले. त्या चित्रात घरभर बाहुल्या दिसतात. त्यातल्या जवळजवळ सगळ्या आज हरवल्या आहेत. घर राहिले, माणसे गेली. वाड्यांच्या गावात वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही.

आपल्याला जवळचा दाखला हवा असेल तर एडविन लटयन्स यांचा घ्यावा. नव्या दिल्लीतले आजचे राष्ट्रपती भवन ज्यांनी उभे केले, तेच हे गृहस्थ. दिल्लीचे काम चालू असतानाच, १९२१ ते १९२४ या वर्षांत, त्यांनी इंग्लंडच्या मेरी राणीसाठी एक बाहुलीघर रचले. त्यात विजेचे दिवे लागतात, नळाला पाणी येते, पाळणा वरखाली होतो. ग्रंथालयातल्या बोटाएवढ्या पुस्तकांसाठी आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सची एक चिमुकली कथा मुद्दाम लिहून दिली; बर्नार्ड शॉ यांनी मात्र नकार कळवला. १९२४ साली वेंब्लीच्या प्रदर्शनात ते घर सोळा लाखांवर लोकांनी पाहिले. सध्या ते विंडसरच्या राजवाड्यात आहे. एका हाताने राजधानी आणि दुसऱ्या हाताने खेळणे. आणि दोहोंसाठी डोके मात्र एकच.

मी मराठीचा अध्यापक. बाहुलीघर म्हटल्यावर मला इब्सेनचे १८७९चे नाटक आठवणारच. अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले. वर्गात त्यावर बोलताना एक प्रश्न मी दर वर्षी मुलांपुढे ठेवतो : घर सजवणारी बाई त्या घराची मालकीण असते, की त्यातली बाहुली? मुले उत्साहाने वाद घालतात, तास संपतो आणि प्रश्न फळ्यावर राहतो. तो प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला तो २०२२ साली एका खोक्याने.

खोके इंग्लंडातल्या माझ्या मेहुणीने थोरल्या भाचीसाठी पाठवले होते. तिकडे हा छंद आजही जोरात आहे, आणि त्यात घराचे सुटे भाग तयार मिळतात. यंत्राने कापलेले प्लायवूडचे नव्वदाच्या वर तुकडे : भिंती, जमिनी, जिना, खिडक्या, कौलारू छपराचे दोन पंख आणि बिजागऱ्यांवर उघडणारा दर्शनी भाग. सामानसुमान आपले आपण करायचे. प्रमाण एकास बारा, म्हणजे फुटाला एक इंच. या प्रमाणाची गंमत अशी, की आपल्याकडचे सुतार आणि गवंडी अजून फूट-इंचातच बोलतात, त्यामुळे गणित जिभेवरच असते. सहा फुटी पलंग सहा इंचांचा. माझी आई चार फूट नऊ इंच. तिची बाहुली पावणेपाच इंचांची.

हे काम वाटते तितके पोरखेळाचे नाही. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आम्हाला कळलेले चार नियम सांगतो. पहिला : गोंदाला हात लावण्याआधी सगळे घर नुसते कागदी चिकटपट्टीने उभे करून पाहावे, कुठला तुकडा कुठे बसतो ते तेव्हाच कळते. दुसरा : प्रत्येक कड काचकागदाने घासावी. हे खाते आमच्या धाकट्याकडे होते, आणि त्याच्या आयुष्यातले पहिले चिकाटीचे काम तेच. तिसरा : भिंतीचा कागद भिंती जोडण्यापूर्वी चिकटवावा आणि दिव्यांच्या तारा त्याही आधी ओढाव्यात, घर उभे राहिल्यावर बोटे कोपऱ्यात पोचत नाहीत. चौथा : फेविकॉल दात कोरायच्या काडीने लावावा, बाटलीने नव्हे. पडद्यांच्या चुण्या हव्या तशा राहाव्यात म्हणून कापड पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून वाळवावे, ही युक्ती सौभाग्यवतींची.

आराखडा थोरलीकडे, मोजमाप सौभाग्यवतींकडे. माझ्याकडे सूचनापत्रक मोठ्याने वाचण्याचे काम आले. भाषेच्या माणसाला घरकामात याहून वरची जागा सहसा मिळत नाही.

भिंती उभ्या राहिल्या आणि पहिली अडचण ध्यानात आली. हे घर विलायती होते. दिवाणखान्यात शेकोटीची जागा होती, पण देवघराला कोनाडा नव्हता. मग आम्ही त्याला आपल्याकडे वळवायला लागलो. आरशाच्या टिकल्यांची ताटे झाली. टूथपेस्टच्या झाकणाची बादली झाली. सदऱ्याच्या गुंडीची भोके बुजवून पोळपाट झाला आणि उदबत्तीच्या काडीचे लाटणे. काड्यापेट्या एकावर एक चिकटवून फडताळ झाले. शेकोटीच्या जागी देव बसले.

इथवर आल्यावर मुलांनी ठरवले, की हे घर म्हणजे आपला वाडा करायचा. सदाशिव पेठेत एका वाड्यात आमचे तीन खोल्यांचे भाड्याचे बिऱ्हाड होते. मी तिथेच वाढलो. २०२१ साली तो वाडा पाडला. त्या जागी इमारत उठणार होती आणि आम्हाला तीत जागा मिळणार होती. तोवर आम्ही कोथरूडला भाड्याने राहत होतो. मुलांना वाड्याची ओढ मोठी. ओसरी, माजघर, माडी, दगडी चौक, तुळशीवृंदावन, सगळे हवे. माहिती विचारायची कोणाला? अर्थात आजीला. सत्तेचाळीस वर्षे ती तिथे राहिली होती.

आईला सारे पाठ होते. माजघराचा उंबरा किती उंच, कोणत्या कोनाड्यात उंदीर, पावसात कुठली तुळई गळायची. तिने सांगावे, मुलांनी करावे, असे महिनाभर चालले. मग बाहुल्या झाल्या. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा कापून थोरलीने पावणेपाच इंचांची आजी तयार केली आणि विचारले,

“आजी, तू कुठे बसायचीस गं?”

“मी?” आई हसली. “मी कशाला बसतेय?”

थोरली नेटाची पोर. तिने बाहुली घेऊन घरभर जागा शोधली. ओसरीवर माझे वडील वर्तमानपत्र घेऊन असत. माडीवर माझा अभ्यास. माजघर ही तर वाटच. येणारा-जाणारा तिथून जाई. स्वयंपाकघरात बाहुली ठेवली तर ती उभीच ठेवावी लागे. शेवटी तिने आजीला जिन्याच्या पायरीवर टेकवले आणि आम्ही जेवायला बसलो. कोणी काही बोलले नाही.

दोन दिवसांनी आई आपण होऊन टेबलाशी आली. म्हणाली, “वाडा तुम्हाला आवडतो ना? मग खाली राहू दे. पण वरची एक खोली मला द्या.”

“खोलीत काय काय हवं, आजी?” धाकट्याने कागद-पेन्सिल घेतली.

“खिडकी. तिच्याशी खुर्ची. पुस्तकांना एक फळी. आणि दाराला कडी हवी, आतून.” जरा थांबून म्हणाली, “आणि ओटा खाली घ्या. इथला फार उंच आहे, खांदे भरून येतात माझे.”

कोथरूडच्या घरातला ओटा चौतीस इंचांचा होता. सौभाग्यवतींनी आईला टेबलाशी उभे करून पोळी लाटायची उंची मोजली. ती तीस इंच भरली. बाहुलीघरात अडीच इंचांचा ओटा बसला. कडी त्यांनी सेफ्टीपिनची केली. ती लागते आणि निघते. धाकट्याने ती इतक्या वेळा लावून काढली की दुसरी करावी लागली.

ही हौस इथेच थांबली असती. पण २०२३ साली नव्या इमारतीतल्या आमच्या जागेचा नकाशा हाती आला आणि आतले किरकोळ फेरफार असतील तर महिन्याच्या आत कळवा, असा निरोप आला. नकाशात सात बाय आठ फुटांची एक खोली होती; तीवर ‘स्टडी’ असे लिहिलेले. प्राध्यापकाला अभ्यासिका हवीच, असे आर्किटेक्टचे मत होते, आणि माझेही त्याहून निराळे नव्हते. थोरलीने सवयीने पुठ्ठ्यातून सात बाय आठ इंच कापले. त्यावर सहा इंचांचा पलंग ठेवला, खिडकीशी खुर्ची ठेवली आणि खुर्चीत पातळातली बाहुली बसवली. सगळे बसले, वर दार उघडायला जागा उरली.

सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, “आईंची खोली झाली की.”

नकाशावर ते शब्द मी माझ्या हाताने बदलले. ओट्याच्या उंचीवरून कंत्राटदाराने थोडी कुरकुर केली. सगळीकडे चौतीसच घालतात, एवढेच त्याचे म्हणणे. तीस इंचांनी काय बिघडेल ते मात्र त्याला सांगता येईना. २०२४च्या दसऱ्याला आम्ही राहायला गेलो. माझी पुस्तकांची कपाटे बैठकीच्या खोलीत आहेत आणि हा लेख मी जेवणाच्या टेबलावर लिहितो आहे. दुपारी दोन ते चार आईच्या दाराला आतून कडी असते. आत ती काय करते हे आम्ही विचारत नाही.

मला वाटते, खरे घर बांधताना आपण पैशांचे, वास्तूचे, पाहुण्यांचे बोलतो; कोणी कुठे बसायचे हे बोलत नाही. तो प्रश्न विचारणेही संकोचाचे असते आणि उत्तर देणे त्याहून. खेळण्यातल्या घरात संकोच नसतो. तिथे भिंत हलवायला खर्च येत नाही, कोणाचा मान जात नाही, आणि जे आपल्याबद्दल सांगायचे ते बाहुलीबद्दल सांगता येते. न्यूरेंबर्गच्या बाईंनी घर चालवायला शिकवले. आमच्या टेबलावर घर मागायला शिकता आले.

दिवाळीत आपल्याकडे किल्ला होतोच. बिहारात याच दिवसांत मुली मातीचा घरौंदा करतात, रंगवतात, चिमुकल्या मडक्यांत लाह्या-बत्तासे भरून ठेवतात. तेव्हा या सुटीत किल्ल्याच्या शेजारी एखादे घरही उठू द्यावे. परदेशी खोके आणायची गरज नाही; जोड्यांच्या खोक्यावर फुटाला इंच धरून पट्टीने रेघा मारल्या तरी पुरे. मुलांच्या हाती कातरी द्या, गोंद आपल्याकडे ठेवा. आणि छप्पर चढवण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बोलावून, कुठली खोली हवी ते विचारा. उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवस थांबा. तोवर गोंदही वाळतो.